ब्रेक दाबला की हॉर्न

फॉल्ट शोधायचा असेल तर मला बोलवा! बढाई मारत नाही. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं मी फॉल्ट विभागात काढली आहेत, आणि त्यातली शेवटची अकरा त्या विभागाची प्रमुख म्हणून. तक्रार आली की मी रिसीव्हर कानाला लावायची, डोळे मिटायची आणि तारेतली खरखर ऐकून सांगायची, "कोपऱ्यावरच्या खांबाजवळचा जॉइंट भिजलाय." माणसं शिडी घेऊन जायची आणि जॉइंट भिजलेलाच असायचा! खात्यात मला 'वैद्यीणबाई' म्हणत. तोंडावर नाही, पण ऐकू येईल इतक्या मोठ्याने.

पावसाच्या दिवसांत आमच्या विभागात पाय ठेवायला जागा नसायची. केबलमध्ये पाणी शिरलं की एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात ऐकू जायचं. एकदा एक सून आपल्या आईला फोनवर सासूबद्दल सविस्तर सांगत होती. सासू त्याच वेळी शेजारच्या इमारतीतून आपल्या बहिणीला फोन लावायला गेली, तर तिला स्वतःचंच वर्णन ऐकू आलं! तारेतला तो फॉल्ट आम्ही दोन तासांत काढला. त्या घरातला निघायला सात वर्षं लागली, असं नंतर कळलं.

तर ओल म्हणजे काय, ती कुठून शिरते आणि कुठे जाऊन बोलते, हे मला कुणी शिकवायचं कारण नाही, असं मला अगदी परवा-परवापर्यंत वाटत होतं.

माझ्याकडे एक गाडी आहे. तेवीस वर्षांची. आमच्या ह्यांनी ती मोठ्या हौसेने घेतली, पहिल्याच आठवड्यात फाटकाच्या खांबाला घासली आणि "आता तू शीक" म्हणून किल्ली माझ्या हातात ठेवली. मी एक्कावन्नाव्या वर्षी शिकले. ह्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. गाडीचा रंग मूळचा मोतिया होता. आता चहा सांडलेल्या बशीसारखा दिसतो. पण दर मंगळवारी अकरा वाजता ती मला ताईच्या दारात नेऊन उभी करते, आणि त्याच कामासाठी ती मला हवी असते.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. वय एक्क्याऐंशी. मी चौऱ्याहत्तरची, पण ती मला अजून 'बेबी' म्हणते. तिचा डावा कान पार गेलाय. उजव्याने ऐकू येतं, पण माणूस जवळ हवा, आवाज हळू हवा आणि आजूबाजूला गलका नको. तिच्या घरी टीव्ही सुरू असतो, नातवंडं सुरू असतात, सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडून विचारत असतात, आणि ताई सगळ्यांना 'हो हो' म्हणत असते. यंत्र लावलं की ते शिट्ट्या मारतं. फोनवर तर विचारायलाच नको! मी म्हटलं, "ताई, मला ताप आलाय," तर म्हणाली, "वा वा, छान झालं."

पण गाडीत! गाडीत ती माझ्या डावीकडे बसते, म्हणजे तिचा चांगला कान बरोब्बर माझ्याकडे. काचा वर केल्या की जग बंद. मग आम्ही तळ्याला दोन फेऱ्या मारतो आणि बोलतो. लहानपणीच्या घरातले पडदे निळे होते की हिरवे, यावर आमचा साठ वर्षं वाद आहे. मागच्या वर्षी अशाच एका मंगळवारी ती सिग्नलला म्हणाली, "बेबी, मला हल्ली माणसांची नावं आठवत नाहीत. घरी कुणाला सांगितलं नाही. तुला सांगते." सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, तरी मी थोडा वेळ तशीच उभी होते. हे तिने दुसरीकडे कुठे सांगितलं असतं? आणि सांगितलं असतं, तर ऐकणाऱ्याचं उत्तर तिला ऐकू आलं असतं का?

एवढ्यासाठी गाडी.

आता माझा मुलगा. तो चांगला आहे, पण काळजी करतो, आणि काळजी करणारी माणसं फार त्रास देतात. गेल्या महिन्यात तो माझ्या शेजारी बसला होता. मी डावा इंडिकेटर दिला आणि वायपर एकदा फर्रकन फिरला. ऊन पडलं होतं, काच कोरडी होती.

"आई, हे काय?"

"काही नाही. कधी कधी फिरतो."

"इंडिकेटर दिल्यावर?"

"डावा दिल्यावरच. उजव्याचं काही म्हणणं नाही."

तो घरी आल्यावर म्हणाला, "आई, तीन आठवड्यांनी शुक्रवारी पासिंग आहे. गाडी पास झाली तर ठेव, मी एक शब्द बोलणार नाही. नापास झाली तर मी भंगारवाल्याला बोलावणार. कबूल?"

"कबूल!" मी म्हटलं. फॉल्ट शोधायचाय आणि तोसुद्धा वैद्यीणबाईंना? मला तर हसूच आलं.

निदान मी पाच मिनिटांत केलं. पुढच्या सीटखालच्या मॅटिंगवर हात दाबला तर बोटं गार पडली. ओल! म्हणजे पाणी आत येतंय. तारा भिजताहेत, आणि इंडिकेटरची वीज वाट चुकून वायपरच्या घरात शिरतेय. तीच सासू, तीच सून! आता फक्त पाणी कुठून येतं ते शोधायचं. त्यासाठी एक माणूस बाहेरून पाइप मारायला हवा आणि एक आत बसून बघायला हवा. दुसऱ्या माणसाला मी मंगळवारी घेऊनच आले.

"बेबी, आज तळ्यावर नाही जायचं?"

"नाही. आज तू आत बसायचं आणि पाणी कुठून येतं ते बघायचं. हे काम झालं नाही तर गाडी भंगारात जाणार आहे, ताई. पाणी सापडायलाच हवं."

"भंगारात?" ती एकदम ताठ बसली. "कोण म्हणतं?"

"तुझा भाचा."

"लहानपणी बरा होता," ताई म्हणाली. "बरं, कुठे बघू?"

"सगळीकडे!"

"सगळीकडे बघायला मला मान एकच आहे."

मी पाइप सुरू केला. आधी छपरावर, मग पुढच्या काचेवर, मग दरवाजांवर. ताईचा चांगला कान स्टिअरिंगच्या बाजूला, म्हणून दर दोन मिनिटांनी धावत तिकडे जायचं आणि काचेला तोंड लावून ओरडायचं.

"येतंय का गं?"

"नाही!"

"पायाशी बघ, पायाशी!"

"पायाशी पाय आहेत!"

"ओले की कोरडे?"

"कोरडे ठणठणीत!"

वीस मिनिटं मी पाणी मारलं. अंगणाचं तळं झालं. तळमजल्यावरच्या वकीलसाहेबांच्या सहा कुंड्यांच्या बश्या तरंगायला लागल्या. आणि आत ताई शपथेवर सांगत होती की एक थेंबसुद्धा नाही!

आता माझ्यासारखी अनुभवी बाई यावरून काय ताडेल? वरून येत नाही, समोरून येत नाही, बाजूने येत नाही. म्हणजे खालून येतं! रस्त्यावरचं पाणी चाकांबरोबर उडतं आणि खालून आत शिरतं. मी जुनी चादर अंथरली, टॉर्च घेतला आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी गाडीखाली डोकं घातलं. अहो, खजिनाच सापडला! प्रत्येक दरवाजाच्या खालच्या कडेला बारीक फटी. बॉनेटच्या खाली रबरी नळ्यांची तोंडं. डिकीत जादा चाकाच्या खड्ड्यात एक भोक. एकूण एकोणीस! दोन-तीन ठिकाणांहून तर पाणी टपकतही होतं. ते पाणी आत जात होतं की बाहेर येत होतं, एवढा साधा प्रश्न कुणालाही पडला असता. वैद्यीणबाईंना पडला नाही.

कारण खात्यात आमच्या हाडीमाशी एक गोष्ट मुरवली होती. भोक म्हणजे शत्रू. केबलवर सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी अख्खी गल्ली मुकी होते. आमचे पहिले साहेब जॉइंटवर तोंड टेकवून फुंकर मारून बघायचे. हवा गेली तर पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी केलेला जॉइंट त्यांनी तीन वेळा सोडायला लावला. चौथ्या वेळी त्यांनी तो नुसता उचलून सगळ्यांना दाखवला. त्या दिवशी मी घरी तरंगत गेले होते. वय तेवीस. तेव्हापासून भोक दिसलं की माझे हात शिवशिवतात.

हार्डवेअरच्या दुकानातून मी सिलिकॉनच्या दोन नळ्या आणल्या. ताईला खुर्चीवर बसवलं आणि एकेक भोक बुजवायला घेतलं. आधी पुसायचं, मग भरायचं, मग ओल्या बोटाने गुळगुळीत करायचं.

"सगळीच बुजवतेस?" ताईने विचारलं.

"सगळीच!"

"एखादं असू दे गं."

"कशाला?"

"असंच. एखादं असावं."

मी हसले. बिचारीला यातलं काय कळतं, असं मनात म्हटलं. त्यानंतरचे दहा-अकरा दिवस एक ढगसुद्धा फिरकला नाही आणि मी मुलाला फोनवर दोनदा सांगितलं, "फॉल्ट काढलाय हं मी!"

मग शनिवारी आणि रविवारी पाऊस झाला. मी दोन्ही दिवस खिडकीत बसून गाडीकडे अभिमानाने बघत होते. येऊ दे किती यायचं ते!

सोमवारी दुपारी वाचनालयाचं पुस्तक बदलायला म्हणून खाली उतरले. गाडीचा दरवाजा उघडला तर आत खळखळ आवाज आला, हंडा हलवावा तसा. मला वाटलं, पाण्याची बाटली सीटखाली लोळतेय. दरवाजाही जड लागत होता. त्याचा दोष मी माझ्या खांद्याला दिला. किल्ली फिरवली, गाडी मागे घेतली आणि ब्रेक दाबला.

हॉर्न वाजला!

कोण वाजवतंय म्हणून मी मागे बघितलं. कुणी नाही. पुन्हा ब्रेक, पुन्हा हॉर्न. आणि तो साधा हॉर्न नव्हे हो! तेवीस वर्षांचा दबलेला राग बाहेर पडावा तसा, अखंड. आमच्या इमारतीसमोर उतार आहे. गाडी उतारावर, तोंड रस्त्याकडे, मागचं चाक नुकतंच वकीलसाहेबांच्या खिडकीखालून सरकलेलं. ब्रेक सोडला की गाडी उतरायला लागायची आणि दाबला की बोंब! त्यात वायपर सुरू झाले. डावा इंडिकेटर स्वतःहून लुकलुकायला लागला. आतला दिवा मंद होत गेला आणि रेडिओ, जो चार वर्षं बंद होता, एकाएकी खाकरला.

खिडकी उघडून वकीलसाहेब बाहेर डोकावले. ते दुपारी दोन ते चार झोपतात, हे इमारतीतल्या मांजरांनाही माहीत आहे.

"बाई, तो हॉर्न बंद करा!"

"ब्रेक सोडल्याशिवाय बंद होत नाही, साहेब!"

"मग सोडा ब्रेक!"

"सोडला तर गाडी रस्त्यावर जाईल!"

"जाऊ दे!"

"रस्त्यावर माणसं आहेत!"

यावर त्यांनी कायदा बाजूला ठेवला. ते तसेच बाहेर आले, एका पायात चप्पल, आणि गाडीच्या पुढे जाऊन बॉनेटला दोन्ही हात लावून उभे राहिले. वजन असेल पन्नास किलो. "आता सोडा!" ते ओरडले. "मी धरलीय!"

अडतीस वर्षं कोर्ट गाजवलेला माणूस, पण त्या क्षणी मला त्यांची फार कणव आली. मी ब्रेक सोडला नाही. हॉर्न वाजत राहिला, वायपर त्यांच्या नाकासमोर उजवी-डावीकडे फिरत राहिले आणि आम्ही दोघं काचेतून एकमेकांकडे बघत राहिलो. बाल्कन्या भरल्या. कुणीतरी वरून ओरडलं, "पाणी ओता बॅटरीवर!" कुणीतरी त्यालाच गप्प केलं.

एवढ्यात फाटकातून माझा मुलगा आला. हातात माझ्या औषधांची पिशवी. त्याने सगळं बघितलं, शांतपणे माझ्या खिडकीशी आला, आत हात घातला आणि हँडब्रेक ओढला.

हँडब्रेक! तेवीस वर्षं तो माझ्या डाव्या मांडीशेजारी उभा आहे, आणि मला त्या वेळी त्याची आठवण झाली नाही.

मी पाय उचलला. शांतता झाली. वकीलसाहेबांनी बॉनेटवरचे हात काढले आणि म्हणाले, "मी धरली होती म्हणून थांबली." मी त्यांचे मनापासून आभार मानले.

मुलाने बॉनेट उघडून हॉर्नची तारच उपटली. मग म्हणाला, "आई, शुक्रवारची वाट कशाला बघायची?"

तो चिडून बोलला असता तर मी भांडले असते. पण तो हळू बोलला. मी फक्त म्हटलं, "शुक्रवार म्हणजे शुक्रवार. शब्द दिलायस." त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की गाडी जाणार. मग मंगळवारी मी ताईच्या घरी रिक्षाने जाणार, टीव्हीसमोर बसणार, आणि ती मला 'हो हो' म्हणणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकी गाडी घेऊन मी गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे निघाले. वाटेत ताईला घेतलं, कारण मंगळवार होता आणि ती अकरा वाजल्यापासून जिन्यात उभी होती.

इलेक्ट्रिशियन पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. पत्र्याची शेड, भिंतीवर गुंडाळलेल्या तारांच्या माळा आणि हातात एक छोटा दिवा, त्याला लांब तार आणि चिमटा. मी त्याला पाच मिनिटं निदान सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग काही न विचारता दरवाजा हलवून कान लावला. खळखळ! त्याने खाली वाकून बोटाने कड चाचपली, खिशातून पेचकस काढला आणि माझं सिलिकॉन टोकरलं.

काय सांगू! दरवाजातून पाण्याची धार लागली ती मिनिटभर थांबेना. मग दुसरा दरवाजा. मग तिसरा. शेडमधली कुत्री उठून दुसरीकडे जाऊन बसली.

"हे कुणी केलंय, मावशी?" त्याने विचारलं.

"असेल," मी म्हटलं, "पूर्वीचा कुणी मेकॅनिक."

"गाढवपणा आहे," तो म्हणाला. मग त्या रबरासारख्या तुकड्याकडे बघत राहिला. "पण मन लावून केलाय."

आणि त्याने मला समजावलं. दरवाजाच्या काचेवरून पाणी आत उतरतंच, ते कोणत्याही गाडीत उतरतं. म्हणून तर कंपनीने खाली फटी ठेवलेल्या असतात. "गाडी पाणी अडवत नाही, मावशी. पाण्याला वाट देते. वाट बंद केली की ते आत चढतं." पुढच्या काचेखालच्या पन्हळीत वाळक्या पानांचा लगदा अडकला होता. ते पाणी पूर्वीपासून थोडं थोडं आत उतरत होतं. त्यात मी खालच्या नळ्यांची तोंडंही बंद केली, आणि शनिवार-रविवारचा सगळा पाऊस फ्यूजबॉक्सवर गेला. त्याने डाव्या कोपऱ्यातलं झाकण काढून दाखवलं. आत हिरवी बुरशी धरल्यासारखे तांब्याचे दात, आणि दोन दातांच्या मध्ये पाण्याचा थेंब. ब्रेकचा एक, हॉर्नचा एक.

मी तो थेंब बघत राहिले. बत्तीस वर्षांत मी असे हजारो थेंब शोधून काढले होते. स्वतः घातलेला एकही नव्हता.

मान वर केली तर इलेक्ट्रिशियन माझ्या चष्म्याच्या दांडीकडे बघत होता. मी हात लावला. दांडीवर सिलिकॉनचा वाळलेला ठिपका होता. तो फक्त "पूर्वीच्या मेकॅनिकला सांगा," म्हणाला, "केबल वेगळी आणि गाडी वेगळी." आपण टेलिफोन खात्यात होतो हे मीच त्याला आल्या आल्या सांगितलं होतं.

मग त्याने डावीकडची मॅटिंग उचलली. खालचा पत्रा गंजलेला, आणि सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात तो अर्थिंगचा बोल्ट पार खाऊन गेलेला. "हे दोन दिवसांचं नाही. वर्ष तरी झालंय," तो म्हणाला. "वायपरचा घोळ इथून आहे. या सीटवर कोण बसतं?"

"मी," ताई खुर्चीवरून म्हणाली.

"पायाला पाणी लागत नव्हतं, आजी?"

"काय?"

"पायाला! पाणी!"

"हो हो," ताई म्हणाली आणि समोरच्या भिंतीकडे बघायला लागली.

आता गंमत बघा. तो तिच्या उजवीकडे उभा होता. हातभर अंतरावर. शेडमध्ये आवाज नव्हता. मी माझी खुर्ची ओढली आणि तिच्या उजव्या कानाशी बसले.

"ताई, लागत होतं?"

"थोडं."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष. मी प्लास्टिकच्या पिशव्या घालून वरून मोजे घालायची. गरम राहतं."

"आणि मी पाइप मारत होते तेव्हा?"

"तेव्हा तर धारच पडत होती गं. एक चप्पल वाहून सीटखाली गेली."

"आणि तू कोरडं म्हणालीस! ताई, मी गाडीखाली शिरले! एकोणीस भोकं बुजवली!"

"तू म्हणालीस ना, गाडी भंगारात जाणार म्हणून. मला वाटलं, पाणी सापडलं की ते म्हणणार, बघा, गाडी गळकी आहे, आणि घेऊन जाणार. सापडलंच नाही तर कशी नेतील?"

त्या दिवशी भंगाराचं ऐकून ती ताठ बसली तेव्हा तिला राग आला, असं मला वाटलं होतं. पण ती घाबरली होती. वर्षभर दर मंगळवारी तिने ओले पाय घेऊन तळ्याला फेऱ्या मारल्या, पडद्यांवरून वाद घातला, आणि मला एका शब्दाने कळू दिलं नाही. आणि मी, खरखर ऐकून कोपऱ्यावरचा जॉइंट सांगणारी, हातभर अंतरावरचा ओला पाय मला कळला नाही.

"अगं, मला आधी सांगायचं," मी म्हटलं.

"तू मला सगळं सांगतेस का? पडदे हिरवे होते हे तुला पहिल्यापासून माहीत आहे."

इलेक्ट्रिशियनने तीन दिवस गाडी ठेवून घेतली. मॅटिंग उन्हात, सीटा बाहेर, आत पंखा लावलेला. बोल्ट नवा, फ्यूजबॉक्स नवा, हॉर्नची तार जागेवर, पन्हळ साफ, आणि एकोणीसच्या एकोणीस फटी मोकळ्या. शुक्रवारी सकाळी मुलगा मला तिथून पासिंगला घेऊन गेला. गाडी मीच चालवली. तो शेजारी हाताची घडी घालून बसला होता.

तपासणारे साहेब सडपातळ आणि हसणं वर्ज्य असलेले. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ब्रेक."

मी ब्रेक दाबला. काही वाजलं नाही. इतकी सुंदर शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती!

"डावा इंडिकेटर."

वायपर गप्प पडून राहिला, शहाण्या मुलासारखा.

"हॉर्न."

मी हॉर्न दाबला. तो वाजला, आणि मी सोडल्यावर थांबला. मी मुलाकडे बघितलं. त्याने घडी सोडली होती. साहेबांनी कागदावर शिक्का मारला. गाडी पास! मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. पण तो तसा दिसत नव्हता.

"आता तुमचं लायसन्स बघू."

मी पर्समधून काढून दिलं. त्यांनी ते लांब धरलं, जवळ धरलं.

"बाई, हे संपून चार महिने झाले."

"म्हणजे?"

"गाडी ठीक आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही मुदतबाह्य आहात."

मुलगा हसला नाही. त्याबद्दल मी त्याची आजन्म ऋणी राहीन. निदान गाडीत बसेपर्यंत तो हसला नाही. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून इतका हसला की हॉर्न वाजला. या वेळी योग्य कारणाने.

लायसन्ससाठी डोळे तपासले, तर डॉक्टर म्हणाले आधी मोतीबिंदू काढा. मोतीबिंदूवाल्यांनी दोन महिन्यांनंतरची तारीख दिली. पण मुलाने शब्द पाळला. मंगळवारी तो स्वतः आला, गाडी चालवत मला ताईच्या दारात घेऊन गेला, गाडी झाडाखाली लावली आणि म्हणाला, "मी समोर चहा घेत बसतो. झालं की फोन कर." त्याला काय कळलं होतं कोण जाणे. मी मागच्या सीटवरून उठून स्टिअरिंगमागे जाऊन बसले. ताई खाली आली, डावीकडे बसली. आम्ही काचा वर केल्या.

सव्वादोन तास बोललो. इंजिन बंद, चाक हललं नाही. तळं नाही, सिग्नल नाही. मधे रखवालदार काचेवर टकटक करून गेला, "मावशी, बंद पडली का? धक्का मारू?" ताई म्हणाली, "नको रे, आम्ही निघालोच आहोत." तासाभराने तो पुन्हा आला, आम्हाला बघितलं आणि डोकं खाजवत परत गेला.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे या कामाला ब्रेक लागत नाही. वायपर लागत नाही, इंडिकेटर लागत नाही, बॅटरीसुद्धा लागत नाही. दोन सीटा आणि चार काचा लागतात. ती भंगारातली गाडीही चालली असती!

हे मी ताईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, पूर्ण ऐकलं, चांगल्या कानाने. आणि म्हणाली, "मग भंगारवाल्याकडे जाऊन बसायला लागलं असतं गं. तिथे फार आवाज असतो."